पक्षाघातानंतर घरी आणायची साधनं: सर्जिकलच्या दुकानातलं काय घ्यावं, काय ठेवून यावं

पक्षाघाताचा रुग्ण घरी यायचा म्हटलं की घरातलं कुणीतरी सर्जिकलच्या दुकानात जातं आणि जवळपास ठरलेलंच सामान घेऊन येतं. घडीचा वॉकर, गळ्यात अडकवायची हाताची झोळी, पिवळा स्माइली बॉल, दाराला टांगायची कप्पी, आणि खिसा परवानगी देत असेल तर ऑनलाइन मागवलेला हवेवर चालणारा 'रोबो' हातमोजा. शरीराची एक बाजू गेलेल्या माणसाला यातला वॉकर बहुधा निरुपयोगी, कप्पी चक्क घातक, आणि बाकीचं कधी वापरायचं हे कळलं नाही तर अडगळ. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. तोच वॉकर तो गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनाही देतो आणि तिथे तो उत्तम चालतो. पक्षाघातात मात्र हातापायाचे स्नायू शाबूत असतात, त्यांना हुकूम पोचवणारा मेंदूतला भाग गेलेला असतो. उरलेल्या मेंदूला ते काम शिकवायचं तर रुग्णाने स्वतः हालचालीचा प्रयत्न करणं, आणि तो शेकडो वेळा करणं, याला पर्याय नाही. म्हणून इथे प्रत्येक वस्तू एकाच कसोटीला लावली आहे: ती रुग्णाकडून काम करून घेते, की त्याच्या बदली स्वतःच करून टाकते?

वॉकरपासून सुरुवात करू. तो दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवायचा असतो. एक हात लुळा असला की तो एकाच बाजूने ढकलला जातो, तिरका फिरतो आणि पुढच्या पावलाला आडवा येतो. अधू हाताची पकड बऱ्यापैकी टिकलेले थोडे रुग्ण सोडले, तर वॉकर घेऊ नये.

त्याऐवजी चार पायांची काठी. ही चांगल्या हातात धरायची, अधू बाजूला नव्हे. अॅल्युमिनियमच्या नळीची, भोकांत बटण अडकवून उंची बदलता येणारी काठी पुरते. महागड्या मुठीने काही फरक पडत नाही. उंची मात्र दुकानात नव्हे, रुग्णाला घरी त्याच्या नेहमीच्या पादत्राणात उभं करून ठरवावी. हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर १५ ते ३० अंश वाकतो. काठी उंच झाली तर खांदा कानाकडे चढतो. आखूड झाली तर माणूस तिच्यावर ओणवा होतो, सगळा भार चांगल्या बाजूला जातो आणि अधू पायावर भार घ्यायला तो शिकतच नाही.

सर्वांत जास्त चुकतं ते काठीच्या बैठकीचं, म्हणजे खालच्या चार पायांचं, तोंड. चार पायांपैकी दोन सरळ खाली उतरतात आणि दोन बाहेर पसरलेले असतात. सरळ बाजू रुग्णाच्या पायाकडे, पसरलेली बाहेर. उलटी धरली तर पसरलेल्या पायांत पाऊल अडकून माणूस पडतो. बहुतेक काठ्यांत बटण दाबून वरची नळी अर्धा फेरा फिरवली की डाव्या हाताची काठी उजव्या हाताची होते. दुकानात ती कुठल्याही हातासाठी लावलेली असू शकते, तेव्हा घरी आल्यावर आधी हे पाहावं. रुंद बैठक सुरुवातीच्या आठवड्यांत बरी वाटते, पण अरुंद पायरीवर ती नीट टेकत नाही. जिने चढायचे असतील तर छोटी बैठकच घ्यावी. काठी टेकवताना चारही पाय एकदम फरशीला लागले पाहिजेत. आधी मागचे, मग पुढचे असं झालं की ती डुगडुगते. रुग्ण जरा झपाझप चालायला लागला की हे हमखास होतं, आणि साधी, एकाच टोकाची काठी घेण्याची वेळ तीच. खालच्या रबरी टोप्या झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर काठी सरकते. टोप्या सुट्या मिळतात, फक्त नळीची जाडी मोजून न्यावी.

चालण्याचा क्रम: काठी, अधू पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी वर. उतरताना आधी काठी, मग अधू पाय. सोबतच्या माणसाने अधू बाजूला उभं राहावं. चढताना एक पायरी मागे, उतरताना एक पायरी खाली. आधार कमरेच्या पट्ट्याला धरून द्यावा. हाताला धरून कधीच नाही.

आता ज्यावर खर्च करण्यात खरा अर्थ आहे ते साधन: पायाचा स्प्लिंट, म्हणजे एएफओ (अँकल-फूट ऑर्थोसिस). पाऊल उचलताना पंजा वर येत नाही, बोटं फरशीला घासतात. मग रुग्ण कंबर उचलून पाय बाहेरून गोल फिरवतो, दमतो, अडखळतो. पॉलिप्रॉपिलीनचा इंग्रजी एल आकाराचा हा स्प्लिंट पोटरीमागून तळव्यापर्यंत येतो आणि पंजा काटकोनात धरून ठेवतो. काम तो करतो खरा, पण फक्त घोट्याचं. मांडी, गुडघा आणि तोल यांचं काम रुग्णालाच करावं लागतं, उलट ते अधिक करता येतं. वरच्या कसोटीला तो म्हणूनच उतरतो.

तयार स्प्लिंट स्मॉल, मीडियम, लार्ज असे मिळतात, डावा-उजवा वेगळा. बहुतेक पातळ आणि लवचीक असतात. पाय नुसता लुळा असेल, पंजा खाली लोंबत असेल, तर ते पुरतात. पाय ताठर असेल तर नाही. घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. रुग्णाला खुर्चीत बसवून गुडघा जरा सरळ ठेवावा आणि पंजा झटकन वर ढकलावा. पंजा लागोपाठ थडथड उडत राहिला, किंवा आत वळून दाबाला विरोध करू लागला, तर तयार स्प्लिंटवर पैसे घालवू नयेत. तो वाकेल, आत टाच वर उचलली जाईल, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आत पाऊल तिरकंच राहील. अशा पायाला ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे मापाचे स्प्लिंट बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून, प्लास्टरचं माप देऊन बनवलेला जाड, घोट्याच्या पुढेपर्यंत येणारा स्प्लिंट लागतो. माप घेताना पाऊल किती अंशांत धरलं हेच सगळ्यात महत्त्वाचं. पंजा थोडा खाली झुकलेला राहिला तर उभं राहताना गुडघा मागे ढकलला जातो. जास्त वर उचललेला राहिला तर गुडघा पुढे वाकून दगा देतो.

नवा स्प्लिंट हातात आला की चार गोष्टी पाहाव्यात. वरची कड गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टोक लागतं त्याच्या किमान दोन बोटं खाली हवी. तिथून पंजा उचलणारी नस जाते. तिच्यावर दाब आला तर उपचारानेच नुकसान व्हायचं. टाच पूर्ण खोलवर बसली पाहिजे. घोट्यावरचा पट्टा तिरका, टाचेला मागे-खाली खेचणारा हवा; नुसता पोटरीचा पट्टा असला तर टाच निसटते. तळव्याची पट्टी बोटांच्या मुळाशी कचकन संपत नाही ना, हेही पाहावं.

आत सुती मोजा, सुरकुती न ठेवता. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने काढून त्वचा पाहायची: दोन्ही घोट्यांची हाडं, टाच, करंगळीच्या बाजूची पावलाची कड. लाल खूण वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक. त्यापुढे राहिली तर स्प्लिंट घालणं थांबवून बनवणाऱ्याकडे परत न्यायचा; तो गरम हवेने ती जागा फुगवून देतो. पायाची संवेदना गेलेली असली तर रुग्णाला फोड आलेलाही कळत नाही, मधुमेह असेल तर आणखीच. म्हणून रोज रात्री तळवा पाहण्याचं काम घरातल्या एकाकडे नेमून द्यावं.

आपल्याकडची खरी अडचण बुटाची. हा स्प्लिंट बुटात घालायला बनवलेला असतो आणि आपण घरात अनवाणी फिरतो. गुळगुळीत प्लास्टिक फरशीवर बर्फासारखं सरकतं. शिवाय बुटाच्या टाचेचा सेंटिमीटरभर चढ धरून माप घेतलेलं असेल तर अनवाणी चालताना नडगी मागे कलते आणि गुडघाही मागे जातो. उपाय दोन. माप देतानाच 'घरात अनवाणी वापरायचा आहे' असं सांगून खाली रबरी सोल चिकटवून घ्यावा, किंवा घरासाठी मागे पट्टा असलेले, पुढून पूर्ण उघडणारे वेल्क्रोचे सँडल वेगळे ठेवावेत. बूट त्या पायाचा एक नंबर मोठा लागतो. आतला सुखतळा काढला तर कधी नेहमीचाच नंबर बसतो. स्लिपरवर हा स्प्लिंट चालत नाही. कडक स्प्लिंट घालून भारतीय पद्धतीच्या संडासात बसताही येत नाही, तेव्हा कमोडची सोय आधी.

खांद्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त दुखणं घरी तयार होतं ते इथे. लुळ्या हाताचं वजन खांद्याच्या सांध्याला खाली ओढतं आणि सांध्यात बोटभर खोबण पडते. दाराला टांगायच्या कप्पीत चांगला हात दोरी ओढतो आणि अधू हात वर खेचला जातो. पण पाठीवरचं खांद्याचं पातं त्याबरोबर फिरत नाही, दंडाचं हाड वरच्या हाडावर आदळतं आणि मधली स्नायुबंधनं चिरडली जातात. १९९० सालच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात २८ रुग्ण तीन गटांत विभागले होते. कप्पीच्या गटात ६२ टक्क्यांचा खांदा दुखू लागला, थेरपिस्टने हाताने व्यायाम दिलेल्या गटात ८ टक्क्यांचा. अभ्यास लहान आहे, पण कारण इतकं उघड आहे की अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही डोक्यावरची कप्पी टाळायला सांगितलं आहे. आणली असेल तर परत करावी. कप्पी नसली तरी दुसऱ्याने हात धरून डोक्यावर नेणं हेही तेच; पातं सोबत फिरवता येत नसेल तर हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये. आणि रुग्णाला उठवताना त्याच्या काखेत हात घालून ओढू नये. नातेवाईक हे प्रेमाने करतात आणि खांदा कायमचा धरतो.

झोळीला एवढी नावं ठेवायला नकोत. हात पूर्ण लुळा असताना, उभं राहून चालण्यापुरती ती योग्य. बसलं की काढायची आणि हात उशीवर किंवा मांडीवर ठेवलेल्या पाटावर, तळवा खाली, कोपराला आधार देऊन ठेवायचा. दिवसभर झोळीत राहिलेला हात कोपरात आणि मनगटात वाकलेला, छातीशी चिकटलेला राहतो, आणि ताठरपणा येतो तेव्हा नेमका त्याच आकारात आखडतो. दंडाला कफ असलेली, कोपर सरळ ठेवणारी झोळी मिळाली तर ती जास्त चांगली.

स्माइली बॉल दाबायला सांगणं ही आपल्याकडची जुनी सवय. पण पक्षाघातानंतर बहुतेकांची मूठ पुढे आपोआप मिटू लागते. अडतं ते उघडण्यात. मिटणाऱ्या मुठीला आणखी मिटण्याचा सराव कशासाठी? बोटं लुळी आहेत आणि नुकती हलू लागली आहेत, तेवढ्या काळापुरता तो ठीक. त्यापेक्षा स्टीलचा पेला धरून दुसऱ्या जागी *सोडणं*, कपड्यांचे चिमटे दोरीवरून काढणं, टेबलावर टॉवेल पसरून त्यावर हात ठेवून पुढे सरकवणं, दोन्ही हातांनी लाटणं फिरवणं, हे करून घ्यावं. यातलं काहीच विकत आणावं लागत नाही.

हवेचा हातमोजा जाहिरातीत सगळ्यांत लोभस. छोट्या डबीतला पंप बोटांवरच्या लवचीक नळ्यांत हवा भरतो, बोटं उघडतात. हवा ओढून घेतो, मिटतात. सूज उतरायला आणि सांधे मोकळे ठेवायला थोडी मदत होते. तेवढंच. रुग्ण टीव्ही बघत बसला आणि मोजा आपला बोटं हलवत राहिला, तर मेंदू त्यात कुठेच नाही. मूठ फार घट्ट असेल तर अशा पंपाच्या जोराने बोटं पूर्ण उघडतही नाहीत. मनगट खाली वाकतं आणि बोटं उघडल्याचा भास होतो. अंगठा बहुधा मागेच राहतो. नळ्या सांध्याच्या जागी चिरतात आणि सुटा मोजा मिळेल याची खात्री नसते. घेतलाच तर दुसऱ्या हातात सेन्सरचा मोजा घालून चालवायची सोय असलेला घ्यावा आणि मनगटाला स्प्लिंट लावून, रुग्णाला प्रत्येक वेळी 'उघड' असा प्रयत्न करायला लावून वापरावा. रुग्णालयातल्या मोठ्या हात-रोबोंची ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर चाचणी झाली होती. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचा वापर त्याने सुधारला नव्हता. घरगुती मोज्याकडून अपेक्षा ठेवताना एवढं लक्षात असावं.

त्या पैशांच्या छोट्याशा भागात एक आरसा येतो. काचवाल्याकडून साधारण दीड बाय दोन फुटांचा, कडा घासलेला, मागे फळी लावून उभा राहणारा. तो टेबलावर रुग्णाच्या बरोबर मधोमध उभा ठेवायचा. अधू हात आरशाच्या मागे, चांगला काचेसमोर. आरशात पाहत चांगल्या हाताने सावकाश मूठ उघडायची-मिटायची, मनगट फिरवायचं, आणि मागच्या हाताने तेच करायचा प्रयत्न करायचा. बांगड्या, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवावं, नाहीतर तो हात अधू बाजूचा वाटत नाही. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, निदान महिनाभर. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ६२ अभ्यास एकत्र केले होते आणि हालचालीत सुधारणा दिसली होती. डाव्या बाजूकडे रुग्णाचं लक्षच जात नसेल तर थेरपिस्टला विचारूनच. बोटं थोडी तरी आपणहून उघडत असतील आणि मनगट उचलत असेल, तर चांगल्या हाताला जाड मिटन (बोटांना वेगळे कप्पे नसलेला मोजा) घालून अधू हातालाच काम करायला लावायची पद्धतही आहे. अमेरिकेतल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत (२००६) दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभर टिकला होता. फक्त मिटन घालून चालू नये, काठी त्याच हातात असते.

'नसांना करंट देणारं मशीन' म्हणून टेन्स विकलं जातं. टेन्स वेदनेसाठी आहे. स्नायू आकसवून पंजा उचलायचा तर वेगळं यंत्र लागतं, काही सेकंद चालू काही सेकंद बंद अशा आवर्तनांचं, आणि पॅड कुठे लावायचे हे एकदा शिकून घ्यावं लागतं. पॅड बरोबर असतील तर पंजा वर येतो. नुसती मुंग्यांची जाणीव होत असेल तर काहीच घडत नाहीये. पेसमेकर असलेल्याने वापरू नये.

बसून मारायची छोटी सायकल दमसासासाठी चांगली, चालणं शिकवायला नव्हे. ती फरशीवर पुढे पळते, म्हणून खाली रबरी चटई आणि पुढे भिंत. खुर्चीची पाठही भिंतीला. अधू पाऊल पेडलवरून निसटतं, तेव्हा टाचेला आधार देणारा पट्टा असल्याशिवाय घेऊ नये. मोटरवाली सायकल रुग्णाचे पाय फिरवून देते. पुन्हा तोच प्रश्न.

यादीत कधीच नसते ती गोष्ट म्हणजे योग्य उंचीची खुर्ची, आणि घरातलं सर्वांत कामाचं साधन तीच. हात असलेली, जड, लाकडी, बसायची जागा ४५ ते ५० सेंटिमीटर उंच. सोफ्यातून उठता येत नाही कारण गुडघे कमरेपेक्षा वर जातात. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय टाइल्सवर फाकतात. उठण्याचा सराव असा: पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, अधू पाऊल चांगल्या पावलाच्या किंचित मागे म्हणजे भार त्याच्यावर येतो, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत ओणवं व्हायचं आणि उठायचं. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट गादी घालून उंची वाढवायची, जमू लागलं की एकेक थर काढायचा. एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीन-चार वेळा. कमोड खुर्चीलाही हीच उंची लागू. चाकांची असेल तर ब्रेक चारही चाकांना हवेत. बाथरूमच्या भिंतीला व्हॅक्यूमवर चिकटणारे दांडे लावू नयेत. टाइलच्या सांध्यावर किंवा ओलाव्याने ते निसटतात, आणि माणूस नेमका पूर्ण भार टाकतो तेव्हा. ड्रिल करून, बोल्ट मारून बसवलेलाच दांडा घ्यावा.

हे सगळं आणलं म्हणजे फिजिओची गरज संपते असं नाही. भारतातल्या १४ केंद्रांवर १,२५० रुग्णांची एक चाचणी झाली होती, २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं, तरी सहा महिन्यांनी परावलंबी राहणाऱ्यांचं प्रमाण घटलं नाही. घरी येणारा थेरपिस्ट निवडताना एवढं पाहावं: तासातला किती वेळ तो स्वतः रुग्णाचे हातपाय हलवतो आणि किती वेळ रुग्ण स्वतः हलतो. सगळा तास मसाज आणि मशीनमध्ये जात असेल तर दुसरा शोधावा.

मोजून बनवलेल्या स्प्लिंटसाठी मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे ऑर्थोटिक विभाग आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. काठी आणि कमोड खुर्चीला त्यातून हातभार लागतो. व्हीलचेअर, पलंग आणि कमोड खुर्ची भाड्याने घ्याव्यात, कारण गरज बहुधा काही महिन्यांचीच असते. स्प्लिंट मात्र ओळखीतल्या दुसऱ्या रुग्णाचा, 'पाय साधारण तेवढाच आहे' म्हणून घेऊ नये.